जाऊबाईंचं पेट्रोल

माझी थोरली जाऊ मनाने फार चांगली. हे मला लग्नाच्या मांडवातच कुणीतरी सांगितलं आणि माझ्या त्रासाला तिथूनच सुरुवात झाली. जाऊ वाईट असती तर माझं काम सोपं होतं. चार बायकांत तिच्या कागाळ्या केल्या असत्या, माहेरी जाऊन रडले असते, लोकांनी मला बिचारी म्हटलं असतं. हिच्याबद्दल तक्रार करायची म्हटलं तर सुरुवात कुठून करायची हेच कळायचं नाही. उंच, गोरी, गळा गोड, हाताला चव, आणि या सगळ्याचा तोरा औषधालासुद्धा नाही. घाटकोपरला तिच्या दारावर माहुलची कोळीण यायची. तीसुद्धा चांगलं पापलेट हिच्यासाठी पाटीच्या तळाशी झाकून ठेवायची. आमच्या अंधेरीची कोळीण मला कालचे बांगडे आजचे म्हणून खपवून जायची.

त्यात डब्यांचं प्रकरण होतं. कुणाकडून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. मीही ती पाळते. पण माझ्याकडून साखर घालून डबा गेला, की पुढच्या वेळी त्याच डब्यातून बेसनाचे लाडू यायचे. मी हट्टाने शंकरपाळे पाठवले, तर परत येताना चिरोटे. मी चिरोट्यांच्या पुढे जाऊ शकत नव्हते, कारण मला चिरोटे येतच नव्हते. डबा तिचा की माझा हेही पुढे पुढे आठवेनासं झालं, फक्त देणं कायम माझ्याकडेच राहायचं. सासूबाई म्हणायच्या, थोरलीचा हात सढळ. धाकटीच्या हाताबद्दल त्या काही म्हणत नसत, आणि मला ते न म्हटलेलं बरोबर ऐकू यायचं.

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा दोघा भावांनी मिळून गाडी घ्यायची ठरवली. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, म्हणून एका पारशी डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. रंग फिका पिस्त्याचा. डॉक्टरांनी ती इतकी जपली होती की आतल्या गाद्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. एक आठवडा गाडी आमच्याकडे, एक आठवडा घाटकोपरला. ज्यांच्याकडे गाडी असेल त्यांनी रविवारी सकाळी सहकुटुंब दुसऱ्यांकडे यायचं, जेवायचं, किल्ली द्यायची आणि संध्याकाळी बसने परतायचं. सासूबाईंनीही हाच नेम धरला. गाडी जिकडे, तिकडे त्या. त्यामुळे माझ्या दारात गाडी आणि सासू एकदमच येत आणि एकदमच जात.

पेट्रोलचा नियम सासूबाईंनीच घालून दिला होता. किल्ली देताना टाकी किती भरलेली आहे ते तोंडी सांगायचं, आणि घेणाऱ्याने आठवडाभर गाडी वापरून परत करताना तेवढीच ठेवायची. भावाभावांत हिशेब नको, काटा बघायचा आणि द्यायचं. नियम चांगला होता. मोडला तर कुणी मोडला हे काट्यावरून लगेच कळणार होतं, निदान मला तरी तसंच वाटलं होतं.

पहिल्याच फेरीला आमच्याकडून गाडी निघाली तेव्हा काटा अर्ध्यावर होता. फाटकातून बाहेर पडताना मी स्वतः पाहिला. नवऱ्याने किल्ली देताना दिरांना सांगितलंही, अर्धी आहे म्हणून. आठवड्याने गाडी परत आली ती पाऊण टाकी घेऊन. मी गाडी बघायच्या निमित्ताने खाली गेले होते आणि नवरा गाडी नीट सावलीत लावत होता, तेव्हा काटा माझ्या नजरेला पडला. सासूबाई मागच्या सीटवरून उतरता उतरता म्हणाल्या, थोरलीने येताना भरायला लावलं हो, म्हणाली, कमी नको पडायला.

मला डबाच आठवला. लाडू झाले, चिरोटे झाले, आता पेट्रोल. माहुलची रिफायनरी जणू हिच्या माहेरची होती. माझ्या अंगाचा नुसता जळफळाट झाला, आणि त्या दिवशी नेमकी आमटी खारट झाली. जाऊबाईंनी ती दोनदा मागून घेतली. असं करायची ती.

पुढच्या वेळी गाडी द्यायची आली तेव्हा मी नवऱ्याला पाऊण टाकी भरायला लावली आणि किल्ली देताना तसं जरा मोठ्याने सांगायलाही लावलं. गाडी परत आली तेव्हा काटा वरच्या शेवटच्या रेघेला टेकलेला. मग आम्ही गाडी काठोकाठ भरून पाठवली. म्हटलं, आता याच्यावर काय करतील. तीही काठोकाठ भरूनच परत आली, आणि टाकीत आणखी मावत नव्हतं म्हणून की काय, बरोबर नारळाच्या वड्या होत्या. वड्यांवर बेदाणे लावलेले.

इथवर नवऱ्याने माझं ऐकलं. पण त्याच सुमाराला पेट्रोलचा भाव एकाएकी भडकला. कचेरीत चार चार जण एका गाडीतून यायला लागले, आणि नवऱ्याने मला स्पष्ट सांगितलं की ही स्पर्धा आपल्याला परवडायची नाही, यापुढे अर्धी म्हणजे अर्धी. नवरा मरोळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्याचा माणसांपेक्षा रेघांवर जास्त विश्वास. तो म्हणाला, दादाला मी लहानपणापासून ओळखतो, तो पेन्सिलसुद्धा बोटात धरवत नाही इतकी लहान होईपर्यंत वापरायचा. असा माणूस दर खेपेला पेट्रोल वाटत सुटेल हे शक्य नाही. काट्यातच काहीतरी बिघाड असणार.

हे ऐकलं आणि मला एकदम हुरूप आला. बिघाड काट्यात असेल तर औदार्य बिघाडाचं होतं, जाऊबाईंचं नव्हतं. मग सासूबाईंच्या सढळ हाताचं काय झालं? मी मनातल्या मनात तो प्रसंगही रंगवला. सासूबाई समोर बसल्यात आणि मी अगदी सहज म्हणते आहे की अहो, ते काही नाही, तो काटाच खोटं दाखवत होता. मला तो काटा बिघडलेला हवा होता. इतक्या मनापासून मी दुसऱ्या कुठल्या यंत्राचं वाईट चिंतलेलं नाही.

नवऱ्याने आधी काच ठोकून पाहिली. किल्ली फिरवायची आणि मधल्या बोटाच्या पेराने काचेवर टकटक करायचं, ही त्याची पहिली परीक्षा. जुन्या गाड्यांचे काटे अडकतात, ठोकलं की सुटतात, असं तो म्हणाला. काटा जागचा हलला नाही. मग आमच्या गल्लीच्या टोकाला एक गॅरेज होतं, तिथे गाडी नेली. गॅरेजवाला तोंडात पान ठेवून बोलायचा. त्याने डिकीतली चटई वर केली, टाकीवरची एक वायर काढली, तिचं टोक कानशीने घासलं, गंजलेला स्क्रू बदलला आणि आता घड्याळासारखा चालेल, म्हणाला. आम्ही पाच लिटर भरलं. काटा जेवढा चढायला हवा तेवढाच चढला. पण तो आधीही तेवढाच चढत होता.

मी म्हटलं, आत काहीतरी असेल. नवऱ्यालाही तेच वाटत होतं. पुढच्या खेपेला गॅरेजवाल्याने टाकीच्या वरची गोल झाकणी उघडून आतली कांडी बाहेर काढली. कांडीच्या टोकाला बंद पितळी डबीसारखा एक गोळा. टाकीत पेट्रोल असतं त्यावर हा तरंगतो, तो वर गेला की काटा वर, खाली गेला की काटा खाली. एवढंच त्यामागचं शास्त्र होतं. या गोळ्याला बारीक भोक पडलं तर आत पेट्रोल शिरतं आणि तो बुडतो, असं गॅरेजवाल्याने सांगितलं आणि गोळा कानाशी धरून हलवला. मग नवऱ्याने हलवला. मीही मागून घेतला आणि कानाशी नेला. त्यात काही डुचमळत असेल अशी मला फार आशा होती. आत पूर्ण शांतता होती. पाण्याच्या बादलीत टाकला तर कागदाच्या होडीसारखा तरंगला. गॅरेजवाला म्हणाला, बाई, हा अजून तुमच्या नातवंडांना पुरेल, तुमचा काटा एक नंबर आहे. मी त्याचं नाव पुन्हा घरात काढू दिलं नाही.

शेवटची परीक्षा नवऱ्याने घरीच केली. आकाशकंदिलाच्या कामट्या उरल्या होत्या. त्यातली एक लांब, लवचीक कामटी त्याने घासून गुळगुळीत केली. टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर तो थोडं थोडं पेट्रोल भरत गेला, दर वेळी कामटी टाकीच्या तोंडातून तळापर्यंत सोडून बाहेर काढली आणि जिथवर ओली झाली तिथे पेन्सिलीने रेघ मारली. पाव, अर्धी, पाऊण. ड्राफ्ट्समनच्या हातच्या रेघा त्या, अगदी सुबक. मग काटा आणि कामटी ताडून पाहिली. कामटी म्हणे अर्धी तर काटाही म्हणे अर्धी. दोघांचं इतकं जमलं की मला बघवेना. म्हणजे काटा खरा होता. म्हणजे पेट्रोलही खरं होतं, ते जाऊबाईंनी खरंच भरलं होतं आणि सासूबाई जे म्हणत होत्या तेही खरंच होतं. त्या दिवशी मी कारण नसताना नवऱ्याशी अबोला धरला.

तो मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. म्हणाला, काटा इथे खरा आहे, तिथे काय करतो ते बघू. आणि पुढच्या रविवारी घाटकोपरला निघताना त्याने ती कामटी वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर घेतली. फाटकापाशी काटा पाहिला, कामटी घालून पाहिली. दोन्ही अर्ध्याच्या किंचित वर. साकीनाक्यापर्यंत सासूबाई विचारत होत्या की त्या कागदात काय आहे. मी सांगितलं, कंदिलाची कामटी. दिवाळीला अजून अवकाश होता, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

दिरांचं घर टेकडीच्या अंगावर. इमारतीकडे जाणारा रस्ता असा चढाचा की उन्हात भाजी घेऊन वर जायचं म्हणजे दोनदा थांबावं लागे. गाडी त्या चढावरच, तोंड वर करून उभी करायची आणि मागच्या चाकांना दगड लावायचे. दगड तिथे कायमचे ठेवलेलेच होते. एरवी नवरा गाडी लावली की लगेच किल्ली काढून दिरांच्या हातावर ठेवायचा, आणि किल्ली काढली की काटा पडतो. त्या दिवशी त्याने किल्ली तशीच राहू दिली.

काटा पावच्याही खाली गेला होता.

दीर आणि जाऊबाई खाली आले होते. नवऱ्याने डिकीकडे जाऊन टाकीचं झाकण उघडलं आणि कामटी आत सोडली. बाहेर काढली तर ती पाऊणच्या रेघेपर्यंत ओली. काटा म्हणतो पाव, कामटी म्हणते पाऊण, आणि दोघेही घरून अर्ध्यावर निघालेले. दिरांना वाटलं आम्ही वाटेत भरलं. सासूबाईंना वाटलं गाडीला काहीतरी बाधलंय. नवरा मात्र त्या चढाकडे बघत उभा राहिला, मग एकदम हसला. त्याने दगड काढायला लावले, गाडी मागे घेऊन वळवली आणि तोंड उताराकडे करून पुन्हा तिथेच उभी केली. दगड आता पुढच्या चाकांना. काटा हळूहळू सरकत पाऊणच्याही वर जाऊन थांबला.

त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. टाकीतला तो गोळा पुढच्या बाजूला बसवलेला. चढावर गाडीचं तोंड वर, म्हणून पेट्रोल सगळं मागे जातं, गोळा खाली बसतो आणि काटा कमी दाखवतो. टाकीचं तोंड मागे, म्हणून कामटी तिथे जास्त भिजते. पेट्रोल तेवढंच, जमीन तिरकी. ताटातली आमटी ताट कलतं धरलं की एका कडेला जाते, तसं. सासूबाईंनाही कळलं.

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आमचा काटा एक नंबर होता, पण घाटकोपरचा खोटारडा होता. इतके महिने माझ्या पोटात जे कढत होतं त्याला आता एकदाची वाट सापडली. मी जाऊबाईंकडे वळले आणि ठरवलं होतं तशा सहज आवाजात, सासूबाईंना ऐकू जाईल इतपत, म्हटलं, "म्हणजे वहिनी, तुम्ही दर वेळी जास्तीचं भरून देत होतात ते या चढामुळे. तुम्हाला काटा कमीच दिसायचा."

जाऊबाई हसून हो म्हणाली. तेवढ्यावर थांबलं असतं तर तो रविवार माझा होता. पण दीर अजून उताराकडे तोंड केलेल्या गाडीत डोकावून बघत होते, आणि त्यांना ती गंमत आवरेना.

"आणि आम्हाला वाटायचं तुम्हीच कमी देताय," ते नवऱ्याला म्हणाले. "तू सांगायचास अर्धी, आणि सकाळी गाडी सुरू करून बघावं तर पाव. मागे तर म्हणालास भरलेली आहे, तेव्हाही काटा खालीच. मी एकदा तुला विचारणार होतो. हिने मला शपथ घातली. म्हणाली, धाकट्यांची ओढाताण होत असेल, तोंडाने सांगवत नसेल. आपण गुपचूप भरायचं आणि कुणी काही बोलायचं नाही."

"अहो, पुरे ना," जाऊबाई म्हणाली. "वर चला, पानं वाढायची आहेत."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, मला नाही कधी बोललीस. जाऊबाई म्हणाली, त्यात बोलण्यासारखं काय होतं.

मी चढ चढून वर गेले, हातपाय धुतले, पानावर बसले. भरलेलं पापलेट होतं, माहुलच्या त्याच कोळणीचं. जाऊबाईंनी नेहमीप्रमाणे मोठा तुकडा मला वाढला. मी त्याचे काटे काढत बसले. इतके महिने ती मला लबाड समजत होती. खोटं सांगून पेट्रोल हाणणारी. आणि तसं समजून तिने माझ्या पानात मोठे तुकडे वाढले, माझी खारट आमटी दोनदा मागून घेतली, लाडू पाठवले, वड्यांवर बेदाणे लावले आणि सासूबाईंना एका शब्दाने कळू दिलं नाही. मी न केलेल्या लबाडीची तिने मला माफी देऊन टाकली होती, आणि मला त्या माफीचा पत्ताही नव्हता. त्या जागी मी असते तर? मरोळपासून मुलुंडपर्यंत एकही घर मी सांगायचं ठेवलं नसतं. हे मला जेवता जेवताच ठाऊक होतं, आणि तिचा जास्त राग त्यामुळेच येत होता. बिघाडाचं औदार्य बिघाडाला गेलं, ठीक आहे. पण हे जे त्याच्या खाली निघालं, ते कुठल्या चढाच्या नावावर घालणार?

संध्याकाळी बसमध्ये नवरा फार खुशीत होता. त्याने नवा नियम ठरवून टाकला होता, आणि दादालाही पटला होता. काटा यापुढे सपाटीवरच बघायचा. आमच्याकडे फाटकाशी, त्यांच्याकडे चढाच्या पायथ्याला पानाच्या दुकानापाशी. कामटी त्याने दिरांना भेट दिली. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मांडीवर डबा होता. त्यात काय घातलंय ते मी घरी पोचेपर्यंत उघडून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी मंडळी अंधेरीला आली. मी चिरोटे करून पाहिले होते. पदर सुटले नाहीत, पण केले. दीर फाटकापाशी उतरले आणि किल्ली गाडीलाच ठेवून, अर्धी आहे बघ, असं नवऱ्याला सांगून वर गेले. सासूबाई, जाऊबाईही गेल्या. जाताना जाऊबाई म्हणाली, बरं झालं गं, आता तुझ्या डोक्याला ताप नाही आणि माझ्याही नाही.

मी गाडीचं दार उघडून पुढे वाकले आणि किल्ली फिरवली. काटा वर आला आणि बरोबर अर्ध्यावर थांबला. केसभर वर नाही, केसभर खाली नाही. म्हणजे आता कळलं होतं त्यांना की आमची ओढाताण नाही. मी किल्ली बंद केली, काटा पडू दिला आणि पुन्हा फिरवली. तो पुन्हा अर्ध्यावरच थांबला. इतके महिने जे डोळ्यांत खुपत होतं ते आज नव्हतं, आणि मी बराच वेळ तशीच वाकून त्या काट्याकडे बघत राहिले.

नवरा मागे उभा होता. मी त्याला म्हटलं, "अहो, काच जरा ठोकून बघता का?"